मदत हवी आहे: 'टिश्यू कल्चर' माडाची रोपं घ्यावीत का? (श्रीवर्धन)

पोफळबन

नमस्कार मंडळी. श्रीवर्धनजवळ आमची वाडी आहे. माड, पोफळी, मध्ये जायफळ आणि मिरीचे वेल. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्म्याहून जास्त माड आडवे झाले, पोफळींचं तर विचारूच नका. त्यानंतर बाबांनी जमेल तशी रोपं लावली, पण बऱ्याच जागा अजून मोकळ्या आहेत. मी ठाण्याला असतो, वाडी बाबा आणि काका बघतात.

सध्या गावात एका रोपवाटिकेचा एजंट फिरतोय. 'टिश्यू कल्चर' माडाची रोपं, एकाचे ९०० रुपये. तिसऱ्या वर्षी नारळ, एका माडाला वर्षाला ३०० नारळ, सगळे माड एकसारखे, रोग म्हणून येणार नाही, असं सांगतो. बाबा एवढ्याने भुलणारे नाहीत. पण विहिरीकडे आमचा एक जुना माड आहे, वादळात जागचा हलला नाही आणि दरवर्षी लगडलेला असतो. एजंट म्हणाला, "याचं एक पान द्या, लॅबमध्ये ह्याचीच शंभर रोपं करून देतो, दीड वर्षात." तिथे बाबा विरघळले. त्याचे पैसे वेगळे, निम्मे आगाऊ.

केळीचं टिश्यू कल्चर सर्रास चालतं हे मला माहीत आहे, माडाचं होतं का? झाडाच्या पानावरून त्याची नक्कल करता येते का? आणि हे थोतांड असेल तर बाबांना दुसरं काय सुचवू? रोपांचे फोटो जोडतोय. सोबत तो 'माडाच्या भुंग्यावर जैविक पावडर' फुकट देणार आहे, त्याबद्दलही कोणाला माहिती असेल तर सांगा.

तांबडी_माती

दुसरा फोटो मोठा करून बघा. पिशवीच्या तोंडाशी माती सरकली आहे तिथे रोपाच्या बुडाला अख्खा नारळ दिसतोय. टिश्यू कल्चरचं रोप काचेच्या बाटलीत पेशींपासून वाढतं, त्याला नारळ कुठून येणार? आमच्या परसात नारळ रुजत घालतो त्यातलंच रोप आहे हे. ९०० रुपये पिशवीवरच्या छापील अक्षरांचे.

दर्यावर्दी

एवढ्यात निकाल नका लावू. माझा मेव्हणा जळगावला आहे, तिकडे ग्रँड नैन केळी सगळी लॅबचीच. कच्छमध्ये खजूर पण टिश्यू कल्चरचा लावतात, आणि खजूर म्हणजे माडाचा भाऊबंदच. मग माडाचं अशक्य का म्हणायचं? फोटोतली रोपं दुसरी असतील.

काचपात्र

मी वनस्पतींच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करते. दर्यावर्दी यांचा प्रश्न रास्त आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

केळ मुळातच मुनवे (बुंध्याशी येणारी पिल्लं) काढते. मुनव्याचा गाभा बाटलीत ठेवून योग्य संप्रेरकं दिली की त्याला बाजूचे कोंब फुटत राहतात. निसर्ग जे करतोच ते आपण वेगाने करवून घेतो. खजुरालाही बुंध्याशी पिल्लं येतात, ती लॅबमध्ये घेता येतात. माडाला यातलं काही नाही. एक खोड, एक शेंडा. शेंड्याचा कोंब काढून लॅबमध्ये आणावा तर विहिरीकडचा माडच जातो. आणि पूर्ण वाढलेल्या पानाच्या तुकड्यापासून माड उभा करणं आजवर कोणाला साधलेलं नाही. त्यामुळे 'पान द्या' हे ऐकलं तिथेच मला कळलं.

मग संशोधक करतात काय? नारळ फोडून गर्भ काढतात, त्या गर्भातला इवला कोंब (प्लुम्यूल) कापून बाटलीत ठेवतात. संप्रेरकांमुळे त्याचा पेशींचा गोळा होतो आणि नशीब असेल तर त्या गोळ्यावर छोटे गर्भ धरतात. केरळातल्या कासरगोडच्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेत यावर बरीच वर्षं काम चालू आहे. माडाच्या पेशी काळवंडून मरतात म्हणून माध्यमात (बाटलीतल्या पोषक द्रव्यात) कोळशाची पूड घालावी लागते. तो कोळसा संप्रेरकंही शोषून घेतो, म्हणून त्यांचं प्रमाण नव्याने बसवावं लागतं. इतकं करून हाती लागणारी रोपं मोजकी आणि दर वेळी निराळी. गंमत अशी की १९४१ मध्ये धोत्र्याचे कोवळे गर्भ बाटलीत वाढवताना नारळपाणी वापरलं गेलं, तेव्हापासून ते टिश्यू कल्चरच्या माध्यमात मोठ्या मानाने वापरलं जातं. इतर झाडांची बाळं नारळपाण्यावर पोसली, खुद्द माड मात्र दाद देत नाही.

पण बाबांच्या दृष्टीने खरी मेख पुढेच आहे. ही पद्धत उद्या पक्की बसली तरी नक्कल होईल ती त्या नारळातल्या गर्भाची, विहिरीकडच्या माडाची नव्हे. उंच जातीच्या माडात एका पोयीतली (फुलोऱ्यातली) नर फुलं आधी उमलून गळतात, मादी फुलं मागाहून तयार होतात, म्हणून पराग बहुधा दुसऱ्या माडाचा असतो. गर्भाची आई माहीत, बाप कोण ते वारा आणि मधमाश्या जाणोत. त्या गर्भाची शंभर रोपं केलीत तर कोणीही न पारखलेल्या एका पोराच्या शंभर प्रती होतील.

सिद्ध झालेल्या माडाची नक्कल हवी तर कोवळी पोय वापरावी लागेल. ती कापली तरी माड जगतो. सुपारीत असं करता येतं, कासरगोडच्याच संस्थेने कोवळ्या पोयीपासून पोफळीची रोपं केली आहेत. माडात तेही अवघड जातंय.

पोफळबन

मनापासून आभार, ताई. बाबांना फोन लावून तांबडी_माती यांचा मुद्दा वाचून दाखवला. काकांनी लगेच एजंटला विचारलं, टिश्यू कल्चरच्या रोपाला नारळ कसा? तो म्हणाला, "लॅबचं रोप नाजूक असतं, म्हणून पोषणाला नंतर नारळात बसवतो." काका अजून हसताहेत.

पण त्याने एक बातमी दाखवली, बेल्जियममध्ये नारळाचं टिश्यू कल्चर जमलं अशी. ती खोटी आहे का?

काचपात्र

नारळात बसवतो! हे मी लॅबमध्ये सांगणार आहे.

बातमी खरी आहे. २०२१ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात ती पद्धत मांडली. बाटलीत वाढवलेल्या गर्भाच्या कोंबाला त्यांनी बाजूचे कोंब फुटायला लावले, म्हणजे एरवी फांदी न करणाऱ्या माडाला केळीसारखं वागायला भाग पाडलं. पेशींच्या गोळ्याच्या वाटेने न गेल्यामुळे रोपात बिघाड होण्याची भीतीही कमी. काम चांगलंच आहे. पण सुरुवात तिथेही नारळातल्या गर्भापासूनच, त्यामुळे विहिरीकडच्या माडाचा प्रश्न जिथल्या तिथे. आणि हे काम प्रयोगशाळेतलं आहे, श्रीवर्धनच्या बाजारात पिशवीतून येण्याइतकं पुढे गेलेलं नाही.

बिघाडाचं उदाहरण सांगते, कारण 'लॅबचं म्हणजे एकसारखं' हा समज इथेच फसतो. तेलमाड हा माडाचा जवळचा नातेवाईक. त्याची टिश्यू कल्चर रोपं मलेशियात मोठ्या प्रमाणावर लावली, आणि काही वर्षांनी फळं धरू लागली तेव्हा कित्येक झाडांची फळं विकृत निघाली, तेल फारच कमी. जनुकं मूळ झाडाचीच होती. मग बिघडलं काय, हे २०१५ मध्ये नेचर या नियतकालिकात आलं. डीएनएच्या एका तुकड्यावर रासायनिक खुणा असतात, त्या बाटलीतल्या मुक्कामात पुसल्या गेल्या होत्या. त्या तुकड्याचं नाव कर्मा, आणि खुणा गेलेल्या रूपाला संशोधकांनी 'बॅड कर्मा' म्हटलं. आता रोप लहान असतानाच पान तपासून हा दोष ओळखता येतो. माड लावून फळाची वाट बघायची म्हणजे ५-७ वर्षं. त्यानंतर असलं काही निघालं तर कोणाला धरणार?

केळी वगैरेंसाठी एक सांगून ठेवते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणन योजना २००६ पासून आहे. मान्यताप्राप्त लॅबची रोपं विषाणूमुक्त आहेत ना, मूळ वाणाशी जुळतात ना, हे तपासून लेबल देतात. कोणी टिश्यू कल्चर म्हणालं की आधी ते लेबल मागायचं.

दर्यावर्दी

पटलं. मग जनुक संपादन वगैरे जे म्हणतात त्याने बुटका आणि भरपूर धरणारा माड करता येणार नाही का? नारळाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झालाय ना?

काचपात्र

चीनमधल्या हैनान उंच जातीचा आराखडा २०१७ मध्ये आला, नंतर आणखी जातींचे आले. वाचून झालंय, पण संपादन पेशीत करायचं आणि त्या पेशीपासून पुन्हा झाड उभं करायचं असतं. माडात गाडी त्या दुसऱ्या पायरीवरच अडते. आजच्या घडीला जीनोमचा खरा उपयोग डीएनए खुणांचा आहे: संकरित म्हणून घेतलेलं रोप खरंच संकरित आहे का, हे पानावरून सांगता येतं. एजंटच्या पानापेक्षा हे पान कामाचं.

खाडीपलीकडे

मी दिवेआगरच्या बाजूचा, वाडी करतो. लॅबमधलं ताई सांगतीलच, मी विकत काय घ्यायचं ते लिहितो.

पोफळबन, एका माडाला ३०० नारळ हे ऐकून घ्या आणि विसरा. चांगल्या बाणवलीने (आपली नेहमीची उंच जात) वर्षाला ८० ते १०० दिले तरी वाडी खूश. लवकर हवे असतील तर संकरित घ्या. चौथ्या-पाचव्या वर्षी धरतो. पण संकरित रोप स्वस्तात होत नाही. आईमाडाच्या पोयीतली नर फुलं हाताने काढायची, पिशवी बांधायची, दुसऱ्या जातीचा पराग आणून मादी फुलांवर सोडायचा. त्यासाठी माणूस वर चढवावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. म्हणून रस्त्याकडेला 'हायब्रीड' म्हणून मिळतात ती बहुतेक साधीच. आई ऑरेंज डॉर्फ (नारिंगी बुटकी जात) असेल तर ओळखायला सोपं: रोपाचा देठ नारिंगी म्हणजे संकर झालाच नाही, हिरवट-तपकिरी म्हणजे झाला.

घ्यायची कुठून, तर कोकण कृषी विद्यापीठाचं रत्नागिरीजवळ भाट्ये इथे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. बाणवलीतून निवडलेली 'प्रताप' ही जात तिथलीच. दुसरं, पालघरला नारळ विकास मंडळाचं बीजोत्पादन केंद्र. त्या गावाचं नावही दापोलीच, तेव्हा गाडी चुकून विद्यापीठाच्या दापोलीला नेऊ नका. आधी नंबर लावावा लागतो, पावसाच्या तोंडावर गेलात तर रिकाम्या हाताने याल. रोप ९ ते १२ महिन्यांचं, निदान ६ पानांचं, बुंधा १० सेंटीमीटर घेराचा, आणि पानं लवकर चिरायला लागलेली असावीत. अनोळखी परप्रांतीय रोपं वाडीत घेऊच नका. केरळात रूट विल्ट हा माडाचा रोग आहे, तो फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो आणि त्यावर औषध नाही. पानांवर काजळी धरवणारी चक्राकार पांढरी माशीसुद्धा २०१६ मध्ये तमिळनाडू-केरळात पहिल्यांदा दिसली आणि मग इकडे आली. रोपांच्या गाडीतून काय येईल सांगता येत नाही.

पोफळबन

म्हणजे विहिरीकडच्या माडाचं काहीच करता येणार नाही? बाबांचा जीव त्यातच अडकलाय.

खाडीपलीकडे

करता येईल की. त्याचेच नारळ रुजत घाला. बाप ठाऊक नसला तरी आई पारखलेली आहे, आणि वादळात टिकलेली आहे. शेजारपाजारचे माडही चांगले असतील तर आणखी उत्तम. फेब्रुवारी ते मे या काळात ११-१२ महिन्यांचे पक्व नारळ काढा, पण वरून टाकू नका, घड दोरीने खाली सोडा. सावलीत वाळूत ठेवा, आतलं पाणी वाजत राहिलं पाहिजे. पाऊस सुरू झाला की गादीवाफ्यावर. पहिल्या पाच महिन्यांत कोंब आलेले ठेवा, सहा महिन्यांत न रुजलेले काढून टाका. जी रोपं रेंगाळतील ती दया न दाखवता बाद करायची. इथेच लोक कच खातात, 'असू दे, बाजूला लावू' म्हणतात आणि मग वीस वर्षं वांझोटा माड सांभाळत बसतात. लावताना साडेसात मीटर अंतर ठेवा.

पोफळबन

हे बाबांना आवडेल. आणि ती भुंग्याची पावडर? शेणखताच्या खड्ड्यात टाका म्हणाला.

खाडीपलीकडे

त्यात तरी तो खरं बोलला! ती मेटारायझियम बुरशी असणार. गेंड्या भुंगा माडाचा कोंब कुरतडतो, पण वाढतो शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या खोडांत. तुमच्याकडे निसर्ग वादळातली खोडं अजून पडून असतील तर आधी ती हलवा, नाहीतर पावडर किती टाकाल? बुरशी खड्ड्यात ओलावा असताना मिसळायची, माडाच्या शेंड्यात नाही. लागण झालेली अळी कडक होते, आधी पांढरी आणि मग हिरवी दिसते. पाकिटावर उत्पादनाची तारीख, मुदत आणि बीजाणूंचं प्रमाण नसेल तर फुकटातही घेऊ नका. बुरशी जिवंत असते, उन्हात गाडीच्या टपावर ठेवली की संपली.

काचपात्र

पुस्ती जोडते. या भुंग्यावर एक विषाणूही आहे. १९६३ मध्ये मलेशियात सापडला आणि १९६७ मध्ये पॅसिफिकमधल्या सामोआत सोडल्यावर तिथले भुंगे खूपच कमी झाले. लागण झालेले भुंगे सोडायचे, ते स्वतःच पसरवतात. पण २००७ मध्ये ग्वाममध्ये जो भुंगा पोचला त्याच्यावर हा विषाणू नीट चालेना, म्हणून आता त्याचे वेगवेगळे प्रकार गोळा करून तपासणं सुरू आहे. हा विषाणू दुकानात मिळत नाही, तेव्हा तशी बाटली कोणी विकायला आलं तर तोही तुमच्या एजंटचाच भाऊ समजा.

पोफळबन

सगळ्यांचे आभार. आगाऊ रक्कम दिलेली नाही. भाट्येला नाव नोंदवायचं काका बघताहेत आणि फेब्रुवारीत विहिरीकडच्या माडावर माणूस चढवायचं ठरलंय. वादळातली खोडं खरंच अजून कुंपणाला पडून आहेत. ती लांबवर न्यायची की तिथल्या तिथे चिरून जाळली तर चालतील?

खाडीपलीकडे

चिरा आणि आतल्या अळ्या वेचून कोंबड्यांना घाला. मग चुलीला वापरा.