मदत हवी आहे: रिमॅप केलेल्या गाडीचा विमा

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरचे. धाकट्या भावाने डिझेल गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रिमॅप करून घेतला, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्याचं सॉफ्टवेअर बदललं, वर रुंद टायर टाकले. कुंभार्ली घाटात गाडी आता तिसऱ्या गिअरवर सरसर चढते, हे खरं. पण पुढच्या आठवड्यात विमा संपतोय आणि माझी झोप उडालीय. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर (इंजिनाच्या क्षमतेवर) ठरतो, तो तेवढाच राहील. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, वाढला तर भरू. धास्ती क्लेमची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ तपशिलात असे परस्पर बदल चालत नाहीत, मग कंपनीला कळवलं तर ती स्वीकारेल का? की आधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घेऊ? कोणी लेखी कळवलं असेल तर हप्ता किती वाढला, कृपया सांगा.