घोडीसाठी काटेरी तार नकोच
सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेल्या घोडीला शेताची काटेरी तारच चालेल का, असं विचारलंय. कृपा करून नको. घोडं बिचकलं की अडकलेला पाय जोरात ओढतं, आणि कातडी सोलून जखम पार हाडापर्यंत जाते. स्वस्तात करायचं तर झटका मशीन (कुंपणात विजेचा झटका सोडणारं यंत्र) घ्या, पण बारीक तारेऐवजी झटका वाहून नेणारी दीड इंची पांढरी पट्टी ओढा, ती लांबून दिसते. तीन ओळी, वरची साडेचार फुटांवर. कोपऱ्याचे खांब तीन फूट गाडा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खांब डुलतात. कोरड्या मातीत अर्थिंगही धरत नाही, मग झटका नावालाच. अर्थिंगच्या सळया ओलाव्याच्या जागी ठोका, वैशाखात तिथे पाणी ओता. खांब लोखंडी अँगलचे असतील तर घोडीला लागू नये म्हणून उघड्या टोकांवर पाइपाचे तुकडे बसवा.