वडिलांच्या नावावर दोन बंदुका, माझ्या नावावर एक: वारसाने काय करायचं?

कुडाळ_ते_ठाणे

वडील दोन महिन्यांपूर्वी वारले. त्यांच्या परवान्याच्या पुस्तकावर दोन नोंदी आहेत: शेतीसंरक्षणासाठीची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-छरे ठासायची) बंदूक आणि १२ बोअरची दोननळी. दोन्ही सिंधुदुर्गात गावच्या घरीच आहेत. मी ठाण्यात राहतो. माझा परवाना पोलीस आयुक्तालयाचा आहे आणि त्यावर एक रिव्हॉल्व्हर आहे. धाकटा भाऊ गावी शेती बघतो, त्याच्याकडे परवाना नाही. कोणी म्हणतं वारसाला बंदुकांच्या संख्येची मर्यादा लागत नाही, कोणी म्हणतं तीन चालतात. पुस्तकावर यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) आहे, पण ठासणीचा नंबर पुस्तकात एक आणि नळीवर दुसराच दिसतो. सुरुवात कुठून करायची?

बारा_बोअर

वारसाचा अर्ज नंतर. दोन्ही बंदुका आधी जमा करा, याच आठवड्यात. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नसतो. वडील गेले तेव्हापासून त्या बंदुका घरात ठेवायला कोणाकडेच कागद नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ सांगतं की बाळगणं कायदेशीर राहिलं नाही, की विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे शस्त्र जमा करायचं. दोन महिने उलटलेत, आणखी थांबू नका. वारसाहक्क आहे म्हणून बाळगण्याचा हक्क आपोआप येत नाही, आणि बहुतेक घरं इथेच अडकतात.

भावाने बंदुका उचलून परस्पर पोलीस ठाण्यात नेऊ नयेत, कारण वाटेतही त्याच्याकडे परवाना नाहीच. आधी नुसते कागद घेऊन जायचं: मृत्यू दाखला, परवान्याचं मूळ पुस्तक आणि साधा अर्ज, "अमुक शस्त्रं जमा करून घ्यावीत". बंदुका पोलीस ठाण्याच्या माणसासोबत किंवा त्यांच्या लेखी सूचनेनेच हलवा. शिल्लक काडतुसं, दारू आणि टोप्याही (ठासणीचा बार पेटवणाऱ्या) त्याच अर्जात मोजून लिहा.

पावतीवर प्रकार, बोअर, नंबर, काडतुसांची संख्या आणि स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक हवाच. नुसतं "दोन बंदुका जमा" असं लिहून दिलं तर घेऊ नका. सहा महिन्यांनी सोडवताना त्या कागदाचा काही उपयोग होत नाही. देण्याआधी नळीला आतून-बाहेरून तेल द्या आणि चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या खोळीत अजिबात ठेवू नका. चामडं ओल धरतं, कोकणातल्या एका पावसाळ्यात नळीला गंजाचे खड्डे पडतात. शस्त्रविक्रेता साठवणुकीचं भाडं घेतो, पण चांगल्या दोननळीसाठी मी तोच मार्ग सुचवेन.

सातबारा

मर्यादेबद्दल. तीनचा नियम गेला. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका, आणि ती १४ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. ज्यांच्याकडे तेव्हा तीन होत्या त्यांना तिसरी जमा करायला एक वर्ष दिलं होतं. वारसाला सूट नाही. वारसाहक्काने परवाना देतानाही दोनची मर्यादा ओलांडायची नाही, असं त्याच कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. नेमबाजांच्या सवलती वेगळ्या आहेत, त्या इथे लावू नका.

म्हणजे तुमच्या नावावर आता एकच जागा उरते. तिच्यावर दोननळी घ्या आणि ठासणीची भावाच्या नावावर करा. ठासणीची बंदूक शेतीसंरक्षणासाठी आहे. कलम १३ मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी तिला वेगळं स्थान दिलंय. शेत गावात, राखणारा गावात, तर बंदूकही त्याच्याच नावावर शोभते. ठाण्याच्या पत्त्यावर शेतीसंरक्षणाची बंदूक मागितली, तर पहिला प्रश्नच येईल की राखण कोण करणार.

दोघांचे अर्ज दोन ठिकाणी जातील. अर्ज राहत्या जागेच्या परवाना अधिकाऱ्याकडे असतो. तुमचा ठाणे आयुक्तालयात, भावाचा सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. तुम्हाला नवा यूआयएन नको. एका माणसाला एकच यूआयएन, त्याच पुस्तकात दुसऱ्या शस्त्राची नोंद मागायची. नवा अर्ज भरलात तर एकाच आधारवर दोन नोंदी दिसतात आणि दोन्ही अडकतात.

भावाचा अर्ज नवीन, नमुना ए-१, शस्त्र परवान्यांच्या सरकारी एनडीएएल-एएलआयएस पोर्टलवर भरायचा आणि छापील प्रत सहीसह कार्यालयात द्यायची. सोबत सातबारा आणि आठ-अ, मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा, डॉक्टरांचं शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि जमा पावती. वय २१ पूर्ण हवं. बाकी सगळ्या वारसांचं संमतीपत्र घ्या, आईचं आणि लग्न झालेल्या बहिणींचंसुद्धा. बहिणीची सही राहिली म्हणून फाईल परत येते, हे फार वेळा घडतं. त्या संमतीपत्रात कोणती बंदूक कोणाला ते नंबरासह लिहा. "वडिलांची शस्त्रं भावांना" एवढं पुरत नाही.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ बघा. त्यांची सही मिळतेय तोवर हे करून घेणं फार सोपं जातं.

नळी_आणि_घोडा

नंबराचा घोळ अर्जाआधीच मिटवा, नाहीतर तोच चुकीचा नंबर भावाच्या नव्या नोंदीत जाईल. ठासणीच्या जुन्या बंदुकांवर नंबर हाताने ठोकलेला असतो, बहुधा नळीच्या मागच्या टोकाला, निपलजवळ (जिच्यावर टोपी बसते ती बारीक नळी). तिथेच दारूची काजळी आणि गंज बसतो. ३ चा ८ दिसतो, १ चा ७. जुनी पुस्तकं पोर्टलवर चढवताना अशा चुका राहून गेल्यात.

नंबर वाचायचा तर मऊ कापडाने तेल लावा, एक रात्र ठेवा, पुसा. मग पांढरा खडू चोळून वरचा पुसून टाका, अंकांच्या खाचेत खडू राहतो. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, ठसा उठतो. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर यांपैकी काहीही लावू नका आणि पुसट अंक पुन्हा ठोकूनही घेऊ नका. कलम ८ प्रमाणे ओळखचिन्ह खोडणं किंवा बदलणं गुन्हा आहे. नंबर खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडते त्यानेच तो खोडला असं धरलं जातं, तसं नाही हे त्याला सिद्ध करावं लागतं.

खडूचा आणि पेन्सिलचा ठसा जमा करताना पोलीस ठाण्यातच, हवालदारांच्या समोर काढा. प्रत्यक्ष दिसलेला नंबर पंचनाम्यात आणि पावतीवर येऊ द्या, मग त्या आधारे जिल्हाधिकारी कार्यालयात नोंद दुरुस्तीचा अर्ज. पहिल्या नोंदणीचं जुनं पुस्तक घरात कुठे असेल तर शोधा, त्यातला अंक बहुतेक वेळा बरोबर निघतो.

आणि हलवण्याआधी ठासणी भरलेली नाही ना, हे बघितलंय का? निपलवर टोपी असेल तर कशालाच हात लावू नका. टोपी नसेल तर नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवून गज (दारू ठासायची काठी) आत सोडा, तोंडाशी खूण करा. मग गज बाहेर काढून नळीच्या बाजूला धरा. गजाचं टोक निपलपर्यंत पोचायला हवं.

कुडाळ_ते_ठाणे

भावाला आत्ताच फोन करून बघायला सांगितलं. टोपी नाही, पण गज चार बोटं अलीकडे राहतो.

नळी_आणि_घोडा

म्हणजे आत भरती आहे. गज पुन्हा घालू नका, ठोकू नका, बार काढून रिकामी करायलाही जाऊ नका. आत किती दारू आणि छरे आहेत ते आता कोणालाच माहीत नाही, आणि गंजलेली नळी फुटू शकते. पाणी ओतून निकामी झाली असंही धरू नका, वाळल्यावर दारू पुन्हा पेटू शकते. बंदूक चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, कुलूप लागेल अशा खोलीत, तोंड बाहेरच्या भिंतीकडे करून ठेवा. मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. पोलीस ठाण्याच्या अर्जात पहिल्याच ओळीत "ठासणीची बंदूक भरलेली आहे" असं लिहा आणि आजच फोन करून कळवा. पोलीस ठाण्यातून परवानाधारक दुरुस्तीवाला बोलावून घेता येतो. तो गजाला स्क्रू लावून भरती ओढून काढतो.