शब्दचर्चा : ‘बाहुबली’ आणि माहिष्मतीतली बाकीची नावं

आपल्या या शब्दचर्चेत प्रश्न असा आला होता : ‘बाहुबली’चं मराठीत ‘बाहुबळी’ का होत नाही? आणि ‘बाहुबली’ या तेलुगू सिनेमातली कटप्पा, भल्लाळदेव, कालकेय ही नावं खरी आहेत की बसून बनवलेली?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. ‘बाहुबल’ला ‘इन्’ प्रत्यय लागून ‘बाहुबलिन्’ होतं आणि प्रथमेचं एकवचन ‘बाहुबली’. ‘बल’चं ‘बळ’ आपण करतो, ‘बाहुबळ’ही म्हणतो, महाबळेश्वरात तर ‘ळ’ पक्का बसलाय. पण ‘बाहुबली’ आपल्याकडे आला तो विशेषनाम म्हणून, ग्रंथांतून आणि देवळांतून, त्यामुळे आहे तसाच राहिला. शिवाय ‘बळी’ म्हटलं की मराठी कानाला एक तर बळीराजा आठवतो, नाही तर बळी दिलेलं बोकड. ‘बाहुबळी’ म्हणून बघा, भलताच अर्थ समोर येतो.

दुसऱ्या भागाबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे. माझ्या मते या सिनेमावर कशाकशाचा प्रभाव आहे हे प्रसंगांपेक्षा त्यातली नावं जास्त नेमकं सांगतात.

मी इचलकरंजीची. आमच्या भागात ‘बाहुबली’ हे आधी गावाचं नाव, मग माणसाचं. हातकणंगले तालुक्यात कुंभोजच्या डोंगराशी बाहुबली क्षेत्र आहे, तिथे २८ फुटी संगमरवरी मूर्ती उभी आहे. शाळेची सहल तिथे ठरलेली. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांत बाहुबली नावाचे काका-मामा सर्रास सापडतात. जुलै २०१५ मध्ये पहिला भाग लागला तेव्हा शेजारच्या आजींना मी हौसेने घेऊन गेले. मध्यंतरापर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अगं बाई, नाव आमच्या देवाचं आणि हा तर राज्य मागायला निघालाय. आमच्यानं तर जिंकलेलं सोडलं.”

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. कारण शब्दाचा सगळा प्रवास त्यात आला. जैन कथेत भरत आणि बाहुबली हे पहिल्या तीर्थंकरांचे, ऋषभनाथांचे मुलगे. राज्यावरून दोघांत वाद. सैन्य मरू नये म्हणून दोघांनीच लढायचं ठरतं : दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. तिन्हीत बाहुबली जिंकतो. श्वेतांबर परंपरेतल्या कथेत तो भावावर मूठ उगारतो, मध्येच थांबतो, आणि त्याच मुठीने स्वतःचे केस उपटून दीक्षा घेतो. म्हणजे ज्याच्या दंडात इतकं बळ आहे की ते भावावर पडू देता कामा नये, तो बाहुबली. सिनेमाने नाव घेतलं, दोन भावांतली गादीची ओढाताण घेतली आणि शेवट नेमका उलटा केला. तिथे पंचवीस वर्षं साखळदंडात राहिलेली नायकाची आई देवसेना काटक्या गोळा करून चिता रचते आणि मुलगा चुलत्याला, भल्लाळदेवाला, त्या चितेवर जाळतो. हा शेवट द्रौपदीच्या सूडाच्या जातीचा आहे, म्हणजे महाभारताचा.

आता सिनेमातल्या राज्याचं नाव. माहिष्मती ही पुराणांतली खरीखुरी नगरी, नर्मदेकाठची. बहुतेक अभ्यासक ती आजच्या महेश्वरला मानतात, म्हणजे अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरला. तिथला पुराणप्रसिद्ध राजा कार्तवीर्य अर्जुन ऊर्फ सहस्रबाहू. बाहूंची गंमत इथेही आहेच! त्याने पाण्यात खेळताना आपल्या हजार हातांनी नर्मदा अडवली, पाणी तुंबून उलटं फिरलं आणि काठावर शिवलिंगाची पूजा करत बसलेल्या रावणाची फुलं वाहून गेली, अशी रामायणाच्या उत्तरकांडात कथा आहे. नदी, शिवलिंग आणि दंडांचं अचाट बळ या तीन गोष्टी मनात ठेवा आणि सिनेमाचा नायक शिवुडू शिवलिंग खांद्यावर घेऊन धबधब्याखाली नेतो तो प्रसंग पुन्हा बघा.

‘माहिष्मती’च्या मुळाशी ‘महिष’ आहे. ‘महिषी’ म्हणजे म्हैस, आणि ‘महिषी’ म्हणजेच पट्टराणी. आपली ‘म्हैस’ याच शब्दातून आली. ज्या राज्यात राजमाता तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन सिंहासनावर बसते आणि बंड मोडून काढते, त्या राज्याचं नाव माहिष्मती असावं हे मला फार शोभून दिसतं. निर्मात्यांनी इतका विचार केला होता असा माझा दावा नाही.

या राजमातेचं शिवगामी हे नाव बघा. संस्कृतात ‘शिवाकडे जाणारी’ असा अर्थ लावता येतो, पण माझ्या समजुतीने मूळ नाव ‘शिवकामी’. चिदंबरमला नटराजाशेजारची देवी ती शिवकामी. तमिळ लिपीत ‘क’ आणि ‘ग’ला एकच अक्षर, आणि दोन स्वरांमध्ये आलं की त्याचा उच्चार ‘ग’कडे झुकतो. उच्चार तेलुगूत गेला, तिथून हिंदीत, तिथून आपल्याकडे. ‘शिवुडू’ मात्र शुद्ध तेलुगू : ‘राम’चं रामुडु, ‘शिव’चं शिवुडु.

कटप्पाबद्दल सर्वांत जास्त विचारणा झाली. मूळ उच्चार ‘कट्टप्पा’, दोन ट. आपण एक ट खाल्ला. ‘अप्पा’ आपल्याला परका नाही. सीमाभागात मल्लाप्पा, बसाप्पा, शिवाप्पा घरोघरी आहेत. पुढचं माझं वाचन आहे, ते व्युत्पत्ती म्हणून घेऊ नका : तेलुगू-कन्नडमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणं. सिंहासनाला पिढ्यान्‌पिढ्या शब्दाने बांधला गेलेला हा म्हातारा भीष्माचाच अवतार आहे, आणि ‘बांधलेला बाप’ हा अर्थ त्याला असा चपखल बसतो की तो मनातून जात नाही.

त्याचा एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. रात्र, पाऊस. भल्लाळदेवाच्या मुलाचं मुंडकं उडवणाऱ्या अनोळखी तरुणावर कटप्पा तलवार उपसून धावतो. विजेच्या उजेडात चेहरा दिसतो. तलवार गळते, तो गुडघ्यांवर कोसळतो आणि त्या तरुणाचा पाय उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवतो. डोक्यावरचा पाय म्हटला की आपल्याला वामन आणि बळी आठवतो, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ हे आपण दिवाळीत म्हणतोच. फरक एवढाच की इथे पाय ठेवणाऱ्याला आपण कोण हे ठाऊकच नाही, आणि ज्याच्या डोक्यावर पाय आहे त्याला सगळं ठाऊक आहे. जुनी मुद्रा घेऊन तिच्यात नवा अर्थ भरणं ते हेच. याला मी उचलेगिरी म्हणणार नाही.

भल्लाळदेव आणि त्याचा बाप बिज्जलदेव ही जोडी दख्खनच्या इतिहासातून आलेली दिसते. बल्लाळ हे कर्नाटकातल्या होयसळ राजांचं नाव. आपल्याकडे पालीचा बल्लाळेश्वर आहे, आडनावात बल्लाळ आहेत. सिनेमात ‘ब’चा ‘भ’ झाल्यावर त्यात ‘भल्ल’ म्हणजे भाला ऐकू येतो आणि नाव एकदम टोकदार होतं. बिज्जल हा बाराव्या शतकातला कल्याणीचा कलचुरी राजा, बसवेश्वरांच्या चरित्रातला. चालुक्यांची गादी त्याने बळकावली. आरंभीच्या कलचुरींची राजधानी माहिष्मती मानली जाते, तेव्हा बिज्जल नावाचा माणूस माहिष्मतीत सापडणं इतिहासाला धरूनच आहे. सिनेमातला बिज्जलदेव हाताच्या व्यंगामुळे गादीला मुकलेला, मुलासाठी जळणारा. धृतराष्ट्र ओळखायला वेळ लागत नाही, कुजबुजायला लागला की शकुनीही दिसतो. देवसेनेचं कुंतल राज्य तर आपलंच : दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक मिळून जुना कुंतल देश.

‘कालकेय’ म्हणजे काळे, असं इथेच दोघांनी लिहिलं. तसं नाही. कुंतीचा कौंतेय, राधेचा राधेय, गंगेचा गांगेय, तसा कालकेचा कालकेय. आईच्या नावावरून आलेलं नाव आहे ते. महाभारताच्या वनपर्वात पुलोमा आणि कालका या दोघींच्या पुत्रांचं हिरण्यपूर अर्जुन उद्ध्वस्त करतो. सिनेमाने या नावाच्या टोळीला काळं फासलं, दात किडवले, ते मला खटकलं आणि आजही खटकतं. शब्दात रंग नव्हता, तो पडद्यावर घातला. त्यांची किलिकी भाषा मात्र मन लावून केलीय. तमिळ गीतकार मदन कार्की यांनी सुमारे ७५० शब्द आणि ४० व्याकरणनियम घेऊन ती रचली.

सिनेमाचा सिनेमावरचा प्रभाव म्हणाल तर परदेशी युद्धपटांची नावं या चर्चेत इतरांनी आधीच घेतली आहेत, ती मी पुन्हा देत नाही. घरचा वारसा जास्त मोठा आहे. तेलुगूत चित्रपटांचे प्रकार पौराणिक, चारित्रक, जानपद आणि सांघिक असे. ‘चारित्रक’ म्हणजे ऐतिहासिक, चरित्रपट नव्हे. ‘सांघिक’ म्हणजे सामाजिक. ‘जानपद’ म्हणजे राजा-राणी, मांत्रिक, तलवारबाजी असलेली, पुराणातही नाही आणि इतिहासातही नाही अशी कथा. १९५१ चा ‘पाताळ भैरवी’ हा त्याचा मोठा नमुना. ‘बाहुबली’ या जानपद घराण्यातला आहे. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘पोशाखी’. चांगला शब्द आहे, हल्ली कुणी वापरत नाही. बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये कोल्हापुरात ‘सैरंध्री’ हा पौराणिक सिनेमा काढला तेव्हापासून राजे-राण्यांच्या पोशाखाची ही वाट आपल्या पायाखालची आहे, तरी ‘फँटसी’ म्हटल्याशिवाय आपलं भागत नाही.

शेवटचा शब्द ‘शासन’. शिवगामीचं गाजलेलं वाक्य हिंदीत ‘मेरा वचन ही है शासन’ असं आहे. मराठी कानाला ते अर्धवट लागतं, कारण आपल्याला शासन म्हणजे ‘महाराष्ट्र शासन’, नाही तर शिक्षा. तेलुगूत ‘शासनम्’ म्हणजे कायदा, राजाज्ञा, आणि कोरलेला लेखही. विधानसभेला तिथे शासनसभा म्हणतात. म्हणजे ती म्हणतेय, माझा शब्द दगडावर कोरला गेला. आपल्याकडे हा अर्थ ‘ताम्रशासन’ या शब्दात उरलाय. हे कळल्यावर दुसरा भाग पुन्हा बघा. तिचा एक चुकीचा शब्द मागे घेता येत नाही म्हणून बाहुबली, म्हणजे शिवुडूचा बाप, मरतो, आणि ते का, हे या एका शब्दात आहे.

दगडावर कोरलेल्या शब्दाचं निघालंच आहे तर श्रवणबेळगोळला जा. सुमारे ५७ फुटी गोमटेश्वर बाहुबलीच्या पायाशी नागरी अक्षरांत ओळ आहे : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’, म्हणजे चावुंडराजाने मूर्ती करवली. ही ओळ नेमकी कधी कोरली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मराठीच्या अगदी जुन्या कोरीव ओळींत तिची गणना होते. पुढे गंगराजाने ‘सुत्ताले’ म्हणजे भोवतालचा प्राकार करवल्याची ओळ आहे. ‘सुत्ताले’ कन्नड वळणाचं, ‘करवियलें’ आपलं. कर्नाटकात, जैन देवाच्या पायाशी, मराठी क्रियापद.

हल्ली वर्तमानपत्रांत ‘बाहुबली नेता’ म्हणजे गुंडांच्या जोरावर निवडून येणारा, ‘बाहुबली रॉकेट’ म्हणजे इस्रोचं सर्वांत वजनदार, ‘बाहुबली थाळी’ म्हणजे चौघांना न संपणारी. पहिला अर्थ हिंदीतून आला, बाकीचे दोन सिनेमामुळे रुळले. आजींचा अर्थ मात्र मला फक्त आमच्या पट्ट्यात ऐकू येतो. विदर्भात, मराठवाड्यात, बेळगाव-निपाणीकडे मुलांची बाहुबली ही नावं अजून ठेवतात का? आणि हाक मारताना त्याचं काय करतात? आमच्याकडे ‘बावल्या’ म्हणतात.