प्रतिसाद : सरंजाम फक्त सरदारांचा नव्हे

'सरंजाम म्हणजे जहागीर, मग पूजेचा सरंजाम कसा असेल?' या प्रश्नावर वर दोघांनी तो प्रयोगच चूक ठरवला. मला नाही पटत. फारसीत 'सरंजाम' म्हणजे तजवीज, तयारी, सिद्धता. त्यातून साहित्य हा अर्थ सहज येतो. सरदाराला गावांचा महसूल मिळे तो फौज, घोडी, हत्यारं बाळगण्यासाठी. म्हणून त्या नेमणुकीलाच सरंजाम म्हणू लागले. इनाम वेगळं, त्यामागे असा फौजेचा बोजा नसे. 'सरंजामशाही'मुळे आज आपल्याला एवढाच अर्थ आठवतो, इतकंच.

आमच्या खान्देशात मांड्यांचा बेत ठरला की बघा. खापर, चुलीला पुरेल एवढं सरपण, पुरणयंत्र, कणीक तिंबायला मोठी परात, आणि मुख्य म्हणजे हातावर मांडा फिरवत रुंद करून उलट्या खापरावर अलगद टाकणारी बाई! (ती मिळाली नाही तर बाकीचं सगळं मांडून ठेवायचं आणि पुरणपोळ्या लाटायच्या.) या सगळ्याला 'सामान' म्हटलं तर किराणा वाटतो. 'सरंजाम'मध्ये कार्याची जय्यत तयारी दिसते.

मात्र प्रवासाच्या पिशवीला सरंजाम म्हणू नये, थट्टा करायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे 'चीजवस्तू' बरं. 'लवाजमा'त माणसंही येतात. आणि पोलिसांनी पंचनाम्यात जप्त केला तर तो मुद्देमाल.