स्कॉर्पिओ-एन की एक्सयूव्ही७००? मागे बसणाऱ्यांच्या दृष्टीने सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

वापरलेली मोठी गाडी घ्यायची आहे आणि घोडं दोन नावांवर अडलंय: महिंद्राची स्कॉर्पिओ-एन आणि महिंद्राचीच एक्सयूव्ही७००. मायलेज, टॉर्क, स्क्रीन यांवर वाचून वाचून डोकं भंजाळलंय, तेव्हा कृपया ते नको. प्रश्न फक्त आत बसणाऱ्यांचा आहे.

आम्ही सहा जण. मी आणि बायको आलटून पालटून चालवतो. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. बाबा चांगले उंच आहेत आणि घाट सुरू झाला की त्यांना गाडी लागते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा तीनचा. तो आयसोफिक्सवाल्या (गाडीच्या सीटमधल्या कड्यांना अडकवायच्या) चाइल्ड सीटमध्ये बसतो. मे महिन्यात आणि गणपतीत सगळे कोकणात, सामानासकट.

कागदावर बघितलं तर दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) एकच, २७५० मिमी. रुंदी स्कॉर्पिओ-एनची १९१७ आणि एक्सयूव्हीची १८९०. उंचीला तर स्कॉर्पिओ-एन जवळजवळ १० सेंमी जास्त. आकड्यांवरून जागा तिच्यात जास्त निघायला हवी. प्रत्यक्षात मधल्या रांगेत पाय पसरायला मला एक्सयूव्ही मोकळी वाटली. मला समजलेलं कारण असं: स्कॉर्पिओ-एन चासीवर (खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली आहे आणि तिचं इंजिन लांबीच्या दिशेने बसवलंय, म्हणजे लांबीतला बराच वाटा बॉनेटखालीच जातो. शिवाय चासी खाली असल्यामुळे आतली जमीन वर येते. एक्सयूव्ही मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकसंध, आणि इंजिन आडवं. चुकत असेन तर सांगा.

जमीन वर आली की आणखी एक गोष्ट होते. सीट त्या प्रमाणात वर नेली नाही तर गुडघे वर येतात आणि मांड्या अधांतरी राहतात. मी बसल्यावर मांडी आणि गादी यांच्यामध्ये हात सरकवून बघतो. हात आरामात आत गेला तर दोन तासांनी कंबर बोलणार हे नक्की. तिसऱ्या रांगेत तर दोन्ही गाड्यांत मोठ्या माणसाचे गुडघे वरच राहतात, त्यामुळे तिथे मुलगीच बसणार हे धरून चाललोय.

आता अडचणी. आईला स्कॉर्पिओ-एनमध्ये चढावं लागतं. चढताना हँडल धरून जमतं, पण उतरताना पाय जमिनीला टेकेपर्यंत सगळा भार एकाच गुडघ्यावर येतो. (शोरूममध्ये चढूनच बघतात सगळे, उतरण्याकडे कोणाचं लक्ष नसतं.) एक्सयूव्हीमध्ये आधी बसून मग पाय आत घेता येतात. बाबांचं उलट: स्कॉर्पिओ-एनमध्ये उंचावरून बाहेरचं दिसतं म्हणून ते खूश. एक्सयूव्हीच्या वरच्या मॉडेलमधलं मोठं काचेचं छत डोक्यावरची थोडी जागा घेतं, हेही आहेच.

विचारायचं ते हे. आईसाठी वेगळी पायरी लावून कोणाला खरंच फरक पडलाय का? मधल्या रांगेत चाइल्ड सीट कायम लावलेली असताना मागे जायचं कसं? आणि सहा माणसं बसवून सामान कुठे ठेवता?

प्रतिसाद १

चाइल्ड सीट लावलेली सीट दुमडत नाही, म्हणजे त्या बाजूने मागची वाट बंद. बाकावाल्या मॉडेलमध्ये दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसाला दर वेळी उठावं लागणार, आणि तुमच्याकडे ते माणूस आई असेल. कॅप्टन सीटच्या (मधल्या रांगेत बाकाऐवजी दोन सुट्या खुर्च्या) गाडीत मधून वाट असते, मुलगी तिथून मागे सरकेल. पण मग मधल्या रांगेत दोघंच. एका सीटवर मुलगा, दुसरीवर आई, आणि पुढे चालवणाऱ्याशेजारी बाबा असले तर उरलेल्या मोठ्या माणसाला मुलीसोबत तिसऱ्या रांगेत जावं लागेल. तुम्हा नवरा-बायकोंपैकी कोण तयार आहे ते आधी ठरवा :)

गाडी लागणाऱ्याला पुढेच बसवा, उंचीचा विचार नंतर. उंच गाडी वळणावर जास्त कलते आणि मागच्या चाकांवर बसलेल्याला खड्डेही जास्त जाणवतात.

प्रतिसाद २

सामानाचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. तिसरी रांग उघडी असताना दोन्हींच्या डिकीत सॅक आणि किरकोळ पिशव्या मावतात, बस. फरक दुमडण्यात आहे. एक्सयूव्हीची तिसरी रांग अर्धी-अर्धी दुमडते, स्कॉर्पिओ-एनचा बाक अखंड आहे. म्हणजे मधल्या बाकावर तिघं आणि मागे मुलगी एकटी असली तर एक्सयूव्हीत तिच्या शेजारची सीट पाडून बॅगा ठेवता येतील. बॅगा नीट बांधा मात्र, ब्रेक मारल्यावर तिच्या अंगावर नकोत. स्कॉर्पिओ-एनला टपावर कॅरिअर लावावाच लागेल.

शिवाय एक्सयूव्हीत तिसऱ्या रांगेला एसीची स्वतःची तोंडं आणि पंख्याचं बटण आहे, स्कॉर्पिओ-एनमध्ये तिसऱ्या रांगेला वेगळी तोंडं नाहीत. मे महिन्यात मुलगी मागे बसणार असेल तर हे सोडू नका.

पायरीबद्दल: रुंद आणि खाली येणारी असेल तर उपयोग होतो. अरुंद पायरीवर पाऊल तिरकं पडतं, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला ते आणखी वाईट.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. बाबा पुढे, बाकावर आई, बायको आणि मुलगा, मागे मुलगी आणि बॅगा, अशी मांडणी डोक्यात बसतेय. म्हणजे सात सीटर एक्सयूव्ही, कॅप्टन सीट बाद. बायको चालवेल तेव्हा बाकावर मी, खांदे रुंद असल्यामुळे जरा दाटी होईल.

आता एकच राहिलं: मधल्या जागेवर बसणाऱ्याला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे की फक्त कमरेचा? जुन्या गाड्यांत कमरेचा आहे असं वाचलंय. कोणाकडे २०२१-२२ ची गाडी असेल तर मधला बेल्ट ओढून बघून सांगाल का?