स्टेशन आलं, गाव कुठाय? सातारा-सांगलीकरांनो, रेल्वेचे अनुभव लिहा

नोकरी लागल्यावर पहिल्यांदाच कोयना एक्स्प्रेसनं साताऱ्याला उतरलो. बाहेर येऊन बघतो तर अजिंक्यतारा लांब, समोर चहाची टपरी आणि तीन रिक्षा. स्टेशन माहुलीकडं आणि गाव पाच-सहा किलोमीटरवर, हे कुणी सांगितलंच नव्हतं. रिक्षावाल्यानं सांगितलेल्या पैशात पुण्याला जाऊन परत आलो असतो. तुमचंही असं काही झालं असेल तर लिहा. रेल्वे, मेट्रो, काहीही चालेल.

कराडहून
आमच्याकडंही तेच. पाटी कराडची, स्टेशन ओगलेवाडीत. आजी कधी 'कराडला उतरू' म्हणायचीच नाही, 'ओगलेवाडीला उतरू' म्हणायची. काचकारखान्याचं गाव, 'प्रभाकर' कंदील इथलाच. आमच्या माळ्यावर अजून एक आहे, काच फुटलेला. पहाटेची महालक्ष्मी एक्स्प्रेस असली की भावाला रात्रीच फोन करून ठेवायचा.

मिरजेहून
मी सत्तरीतला. एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ बघितलेत: ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरची अडीच फुटी नॅरोगेज. ही छोटी गाडी मूळची बार्शी लाईट रेल्वेची, मिरजेपर्यंत आली 1927 साली. आषाढीला पाय ठेवायला जागा नसायची. वडील मला खिडकीतून आत ढकलायचे, मागनं दशम्यांचं गाठोडं. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ करत गाडी इतकी निवांत जायची की सांगोला यायच्या आत दशम्या संपायच्या. एकदा जत रोडला एक पाहुणा उतरला आणि खिडकीशी येऊन 'जत कुठाय?' विचारू लागला. अख्खा डबा हसला. बिचाऱ्याला अजून बराच पल्ला होता.

पुढं लाईन ब्रॉडगेज झाली. 2016 च्या एप्रिलमध्ये याच वाटेनं दुष्काळी लातूरला पाणी गेलं, पहिल्या खेपेला टाक्यांच्या दहा वाघिणी. मी बघायला गेलो होतो. 2005 च्या पुरात जे पाणी लोकांच्या घरात शिरलं, ते असं गाडीत बसून निघालेलं बघून कसंतरीच झालं.

मूळची साताऱ्याची, सध्या कोथरूड
आईला पुण्याची मेट्रो दाखवायची होती. एसटीनं स्वारगेट, तिथून जमिनीखालून मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय. मग गाडी बदलून वनाज. खरं सांगते, कोथरूडला जायला हा द्राविडी प्राणायाम आहे, रिक्षानं सरळ गेलो असतो. पण सरकत्या जिन्यावर आईनं माझा हात घट्ट धरला, तेवढ्यासाठी परत जाईन. वर आल्यावर म्हणाली, "ह्यातलं थोडं माहुली ते पोवई नाका करा म्हणावं."

सांगलीहून
सांगली आणि मिरजेच्या मधे विश्रामबाग स्टेशन आहे. पंचवीस वर्षं इथं राहतेय, तिथून एकदाही गाडीत बसले नाही. कोपऱ्यावर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, मिळते ना! कुणी बसलंय का तिथून?